जादा ग्रॅम

नौपाड्यात, चष्म्याच्या दुकानाला लागून
आमचा काउंटर : परदेशी पार्सल, पॅकिंग मोफत.
काट्यापलीकडे आया, एखादा बाप,
आकडा हलायचा थांबेपर्यंत श्वास धरून.

फॉर्मवर सगळं इंग्रजीत लागतं.
भाजणीला मी पावडर लिहितो. मेतकुटालाही पावडर.
गोड्या मसाल्याला ब्राउन पावडर.
कुरडयांपाशी पेन अडलं, तेव्हा नूडल्स लिहून मोकळा झालो.
डिंकाच्या लाडवांना एकदा गम लिहिलं,
डबा तीन आठवडे फ्रँकफर्टला बसून होता.

वीस किलोंच्या वर गेलं की काढावं लागतं.
आधी जावयाचा कुर्ता निघतो,
मग पोथी,
खायचं अगदी शेवटी, तेही चिमटीचिमटीनं.
आणि निघालेलं कुणी परत नेत नाही.
‘राहू दे तुला,’ म्हणतात, आणि भरभर जिना उतरतात.
अकरा वर्षं मी
अनोळखी घरांचं जादा झालेलं जेवतोय.
कुणाकडे हिंग सढळ, कुणाची चकली रागात तळलेली.
पासपोर्ट मी काढलेला नाही.

टिपणीसकाकूंचं पार्सल दिवाळीआधी, रॉटरडॅमला.
यंदा कडव्या वालांच्या पिशवीत, तळाशी,
तीन प्लास्टिकं, वर कापराच्या वड्या.
मी चेंदणी कोळीवाड्यातला.
माझ्यापासून सोडे लपवायचे?

‘काकू, मासळी चालत नाही.’
‘मासळी कुठाय? वाल आहेत ते.’
‘काकू.’
त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं.
‘पाव किलोच रे. सोन्याच्या भावानं घेतलेत.’
मी पिशवी बाहेर काढली.
काटा अडीचशे ग्रॅम उतरला,
काकू त्याहून जास्त.
‘घे तुला.’

घरी आईनं एक सोडा ट्यूबलाइटसमोर धरला,
पाठीवरची चीर नखानं चाचपली.
‘यो माझ्या हातचा हाय.’
आमच्या खाडीत आता कोळंबी कुठली?
ती उत्तनहून आणते, सोलते,
सातव्या मजल्यावरच्या गच्चीत वाळवते,
कावळ्यांशी आणि सोसायटीच्या सेक्रेटरीशी
एकाच शब्दांत भांडत.
‘टिपणीसबाईला मीच दिलेले. मोजून.
विकलेला माल घरान नाय घ्यायचा. जा, देऊन ये.’
पण गाठ मारण्याआधी
मूठभर अजून घातले. न मोजता.

रविवारी गेलो. तिसरा मजला, लिफ्ट बंद.
काकू काही बोलल्या नाहीत,
तांदूळ धुवायला घेतले.
मी निघतो म्हटलं, तर डोळे वटारले.

फोन तेलाच्या कॅनला टेकवून ठेवला होता.
रॉटरडॅमला सकाळ. निशिकांत, तोंडात ब्रश.
‘हा कोण?’
‘पार्सलवाला. चेंदणीचा. सोडे याच्या आईचे.’
‘कुठले सोडे?’
काकूंनी कुकरकडे बोट केलं,
आणि चोरीची गोष्ट सांगितली,
त्यात मी जरा जास्तच खडूस होतो.

झाकण काढलं तशी वाफ गेली थेट फोनवर.
तो दिसेनासा झाला.
काकूंनी पदराच्या टोकानं
त्याचं तोंड पुसलं.

ताट माझ्यापुढे आलं. खोबरं, कोथिंबीर, वरून तूप.
एका परक्या माणसाचा घास मोजत बसावं
तसा तो बघत होता, ब्रश हातात, फेस हनुवटीवर.
‘मीठ?’ त्यानं विचारलं.
माझं तोंड भरलेलं.
मी चिमूट दाखवली : इतकंसं कमी.
‘कमीच असतं,’ तो म्हणाला, ‘बाबांचं बीपी निघालं तेव्हापासून.’
‘गप बस,’ काकू म्हणाल्या,
आणि भिंतीवरच्या हाराकडे न बघता
मिठाचा सट
माझ्याकडे सरकवला.